हिमालयन: जुनी 411 घ्यावी की नवी 450?

कृष्णाकाठ:
मंडळी, डोकं भंजाळलंय, जरा हात द्या.

मुक्काम सातारा. सध्याची गाडी 150 सीसीची. ऑफिसला उत्तम, पण डबलसीट आणि दोन बॅगा घेऊन आंबेनळी घाट चढायचा म्हटलं की दुसऱ्या गिअरमध्ये रडायला लागते. अधूनमधून कोकणात उतरणं असतंच, आणि पुढच्या सप्टेंबरात बायकोसोबत स्पितीचा बेत आहे. समोर रॉयल एनफिल्डच्या हिमालयन बाइकचेच दोन पर्याय आहेत.

पहिला, ओळखीतून आलेली हिमालयन 411. 2021 चं बीएस6 मॉडेल, ट्रिपरवालं (वाट दाखवणारी छोटी स्क्रीन), एकच मालक, रनिंग 26 हजार. एक साठ सांगतोय.
दुसरा, शोरूममधून कोरी करकरीत 450. साडेतीनशे सीसीच्या वर 40 टक्के जीएसटी झाल्यापासून ती ऑन रोड साडेतीन लाखांच्या पुढे जातेय. क्रॅश गार्ड, बॅगा वगैरे वेगळं.

पैसे आहेत, पण उधळायचे नाहीत. उंची पाच फूट पाच. माझा कल जुनीकडे; मित्र म्हणतात बंद पडलेलं मॉडेल गळ्यात घालून घेऊ नकोस. ज्यांनी गाड्या वापरल्यात त्यांनी बोला प्लीज. यूट्यूब बघून मीही बोलू शकतो.

सोलापुरी_चटणी:
बुलेट घ्या. विषय संपला.
(पळतो आता)

आडवाटेचा:
आधी 411 होती, ती विकून 450 घेतली. तेव्हा बोलायचा हक्क आहे असं धरतो.

कागदावरचा फरक आधी. 411 म्हणजे हवेवर थंड होणारं इंजिन, साडेचोवीस बीएचपी (म्हणजे घोडे), 32 न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे ओढ), पाच गिअर. 450 म्हणजे लिक्विड कूल्ड, 40 पीएस, 40 न्यूटन मीटर, सहा गिअर. वजनात मात्र नवी तीन किलोंनी हलकीच आहे, 199 ला 196. टाकी 15 लिटरची 17 झाली. पुढचे शॉकअप शोवा कंपनीचे उलटे, 43 एमएमचे.

आता कागदाबाहेरचं. 411 चा सगळा जोर चार-साडेचार हजार आरपीएमलाच हातात येतो. गावातल्या बोळातून, म्हशींच्या मागून, तिसऱ्या गिअरमध्ये डुगडुगत निवांत जाते. 450 ला तो निवांतपणा नाही. तिचा पूर्ण टॉर्क साडेपाच हजारांना. गिअर वरचा राहिला की कुरकुरते, एक खाली टाकावाच लागतो. पण तोच गिअर टाकून खंबाटकीत ट्रकच्या रांगेला ओव्हरटेक मारा, मग कळतं पैसे कुठे गेले ते. 411 वर डबलसीट असताना ओव्हरटेकचा विचार दोन वळणं आधी सुरू करायचो मी. हायवेला नव्वद-पंच्याण्णवपर्यंत ती गोड, पुढे फूटरेस्टमधून मुंग्या यायला लागतात. 450 एकशेदहाला सहाव्या गिअरमध्ये शांत असते आणि वर अजून शिल्लक असते.

थोडक्यात सातारा-पुणे-पलीकडे असा हायवे जास्त असेल तर 450. डोळे झाकून.

फटफटीवाला:
आडवाटेचा, डोळे झाकून ओव्हरटेक करू नका म्हणजे झालं.

कृष्णाकाठ, या चाळीस पीएसच्या नादाला लागू नका. आम्ही 1980 च्या दशकात येझदीवर बायको, पोर आणि तांदळाचं अर्धं पोतं घालून कुंभार्ली चढलोय. 24 बीएचपी ही काय थट्टा आहे का? तुम्हाला शर्यत लावायची आहे की फिरायचंय? वाचलेले दोन लाख म्हणजे पुढच्या कितीतरी सहलींचं पेट्रोल, हॉटेल आणि पापलेट. ही 411 म्हणजे सरळ साधी गाडी. बेताची टाकी, पुढचं 21 इंची चाक, आणि रस्त्यात बंद पडली तर कोणताही शहाणा मेकॅनिक उघडून बघू शकेल असं इंजिन.

सोलापुरी_चटणी:
काका, पोर मोठं होऊन इथेच आयडी काढून बसलं असेल. तांदळाखाली होतं ना ते?

गणिती:
वरच्या दोघांचं भांडण स्पितीपुरतं सोडवून देतो.

वर चढाल तशी हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात उतरते. ढोबळ हिशेब दर हजार मीटरला नऊ-दहा टक्के. फ्युएल इंजेक्शन मिश्रण सांभाळून घेतं, पण नसलेली हवा ते आणणार कुठून? स्पिती-मनाली वाटेवरची कुंझुम ला ही खिंड 4551 मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण साठ-बासष्ट टक्के. म्हणजे 450 च्या चाळीसातले उरतात 24-25. आणि 411 च्या साडेचोवीसातले उरतात पंधरा.

आता नीट बघा. 450 कुंझुमवर तेवढी ताकद देते जेवढी 411 गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देते. आणि 411 कुंझुमवर देते तुमच्या आत्ताच्या 150 पेक्षा किंचित जास्त, पण वजन पन्नास-साठ किलोंनी अधिक. आंबेनळीत रडणारी गाडी बदलून कुंझुमवर रडणारी घ्यायची का, एवढाच प्रश्न आहे. दोघं आणि सामान धरून हं. एकटे असाल तर माझा मुद्दा बराच ढिला पडतो.

फटफटीवाला:
गणिताला सलाम. पण साहेब, कुंझुमहून उतरून बातल ते ग्राम्फू या पट्ट्यात रस्ता कसला आहे ते बघितलंत का कधी? गोटे, ओढे, चिखल. तिथे गाडी पहिल्या-दुसऱ्यात, वेग पंधरा-वीस. चाळीस घोडे असले काय आणि पंधरा असले काय, सगळे चालतच जातात. 411 खालच्या आरपीएमला ओढते हे आडवाटेचा यांनीच कबूल केलंय. 2016 पासून लोक हीच गाडी घेऊन लडाखच्या खारदुंग ला आणि उमलिंग ला या खिंडी करून आलेत, डबलसीटसुद्धा.

गणिती:
करून आलेत हे मान्यच. येझदीवर तांदूळही गेले होते.

टप्पेटमास्तर:
नमस्कार. कराडजवळ गॅरेज आहे. कुठल्या कंपनीचा माणूस नाही, दोन्ही गाड्या हाताखालून जातात म्हणून लिहितो.

आधी 'बंद पडलेलं मॉडेल' या भीतीबद्दल. 411 चं इंजिन त्याच कंपनीच्या स्क्रॅम 411 मध्येही होतं, आणि 2025 ला आलेल्या स्क्रॅम 440 चं इंजिन त्याच्यातूनच मोठं केलेलं आहे. 2016 ते 2023 इतकी वर्षं गाडी विकली गेलीय. क्लच प्लेट, केबल, चेनसेट, ब्रेकपॅड, फिल्टर याला मरण नाही. तेव्हा पार्ट मिळणार नाहीत ही भीती मनातून काढा.

टप्पेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट: 411 ला स्क्रू आणि नट. फिलर गेज लावला, अर्ध्या तासात काम संपलं. 450 ला डबल कॅम आणि शिम, म्हणजे पातळ चकत्या. मोजमाप घेऊन योग्य जाडीची शिम बसवायची. काम वाईट नाही, पण रस्त्याकडेच्या गॅरेजचं नाही. शिवाय रेडिएटर, पंखा, कूलंट आलं. थ्रॉटलला केबल नाही, सगळं सेन्सरवर. बिघडत नाही सहसा, पण बिघडलं तर स्कॅनर लागतो, पाना पुरत नाही.

आता ती 2021 ची गाडी बघायला जाल तेव्हा हे करा.

गाडी गार असताना जा. मालकाला फोनवरच सांगा की आधी सुरू करून ठेवू नका. इंजिनाला हात लावून बघा. गरम असेल तर विचारा का गरम आहे.
मधल्या स्टँडवर घेऊन कुणालातरी मागे दाबायला सांगा, पुढचं चाक उचललं पाहिजे. मग दोन बोटांनी हँडल डावी-उजवीकडे हळू फिरवा. अगदी मधोमध आल्यावर खटकन खाचेत बसल्यासारखं अडकलं की समजा कोनसेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) गेलाय. या गाडीत हे बघायलाच हवं. काम महाग नाही, पण भाव पाडायला उपयोगी.
पाना घेऊन स्पोक एकेक वाजवा. सगळ्यांचा आवाज एका जातीचा हवा. एखादा बद्द वाजला तर ढिला.
पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ आहे का, ऑइल कूलरच्या जाळीला खडे लागून पत्रे दुमडलेत का ते बघा.
टायरच्या कडेला चार आकडे असतात, आठवडा आणि साल. 26 हजार रनिंगला अजून पहिलेच टायर दाखवत असेल तर टायर संपलेत असंच समजा.

आणि पेट्रोल. आता पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं. 2023 च्या एप्रिलपासूनच्या गाड्या त्या हिशेबाने बनवल्यात, 2021 ची त्याआधीची. घाबरायचं कारण नाही, पण पेट्रोलचे पाइप आणि रबरी सील तपासून घ्या आणि पावसाळाभर गाडी उभी ठेवायची असेल तर टाकीत तेच पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढतं.

मीच_तो:
मास्तर, हा प्रतिसाद प्रिंट काढून गॅरेजात लावा. वाचनखूण साठवली आहे.

अनघा_कोकणवेडी:
ही चर्चा घोडे मोजण्यात चाललीय. उंचीबद्दल कुणी बोलेना, तेव्हा मी बोलते. पाच फूट दोन. 411 स्वतः चालवते.

सीट 411 ची 800 मिलीमीटर, 450 ची 825, आणि ती वर केली तर 845. खालची सीट वेगळी मिळते, 805 ची. कागदावर इंचभराचा फरक. प्रत्यक्षात हा इंच कुठे भेटतो सांगते. दाभोळला धोपाव्याची फेरीबोट लागते. लोखंडी फळी ओली, त्यावर शेवाळ नसलं तरी डिझेलचा तवंग असतोच. पुढे जीप, मागे टेम्पो, आणि बोटीवरचा माणूस शिट्टी मारून मागे घ्या, अजून मागे घ्या करतोय. गाडी उतारावर, तोंड खाली. तिथे पायाची फक्त बोटं टेकत असतील तर दोनशे किलो मागे ढकलता येत नाहीत. पूर्ण पंजा टेकला तरच जोर लागतो. बोटीवरच्या पोरांना हाक मारावी लागते, ती आनंदाने येतात, पण आपला चेहरा पडतो तो पडतोच.

सांगायचं काय, तर शोरूमच्या सपाट फरशीवर बसून 'पाय टेकतो' असं ठरवू नका. बायकोला मागे बसवा, उताराला तोंड करून उभे राहा आणि पायाने गाडी दोन फूट मागे घेऊन दाखवा. जी गाडी जाईल ती तुमची.

आणि टेस्ट राइडला एकट्याने जाऊ नका. ज्या बाईला स्पितीपर्यंत मागे बसायचंय तिला कुणी विचारलंय का?

बॅकसीट_कमिशनर:
अनघाताई, शेवटच्या वाक्याबद्दल तुम्हाला माझ्यातर्फे एक सुरमई थाळी.

मी कायमची मागची प्रवासी. नवऱ्याकडे 411 होती, आता 450. मागून काय वाटतं ते लिहिते. 411 वर मागे बसणं बैठकीसारखं, संथ. झोप येते, खरंच. 450 वर नवरा जोशात येतो आणि हेल्मेटला हेल्मेट आपटतं. गाडीचा दोष नाही, चालकाचा आहे, पण गाडी त्याला फूस लावते. खड्ड्यात मात्र 450 स्पष्ट सरस. मुंबई-गोवा महामार्गाच्या 'पूर्ण होत आलेल्या' पट्ट्यांवर माझी कंबर हाच माझा मापदंड.

दोन्हीवर चढताना पाय उंच टाकावा लागतो, आणि मागे बॅगा बांधल्या की साडी तर सोडाच, ड्रेसवरही कसरत. आधी मी बसते, मग बॅगा. हा क्रम घरात लिहून लावलाय.

सोलापुरी_चटणी:
सुरमई थाळी कुठली पण? मालवणात की हर्णैला? हे आधी स्पष्ट व्हावं.

मीच_तो:
हर्णै. बंदरावर लिलाव बघायचा, मग जेवायचं. मालवणवाले येतील आता भांडायला.

अनघा_कोकणवेडी:
आले. तारकर्लीला या, मग बोलू. आणि सोलकढी डब्यातल्या पावडरीची देणाऱ्या हॉटेलांची यादी हवी असेल तर वेगळा धागा काढते.

थेम्सकाठचा_सांगलीकर:
इकडून एक बारीकशी भर. ब्रिटनमध्ये ए2 लायसनवर 35 किलोवॅटपर्यंतचीच गाडी चालवता येते. 450 तीसच्या आत बसते, त्यामुळे नवशिकी मंडळीही ती घेतात. इथल्या मोटरवेवर 411 घेऊन सत्तर मैलांनी जाणं म्हणजे इंजिनाला घाम आणि आपल्याला टेन्शन. गारठ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने 411 चे नटबोल्ट गंजतात, तेव्हा धुणं-पुसणं नियमित. तुमच्या कामाचं नाही हे, पण 'हिमालयन' शब्द दिसला की राहवत नाही.

आडवाटेचा:
ट्यूबचा मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून परत आलो.

411 ला स्पोकची चाकं आणि ट्यूब. 450 सुरुवातीला ट्यूबवालीच आली, नंतर 2024 मध्ये ट्यूबलेस स्पोकची चाकं मिळायला लागली. 450 घेणार असाल तर तीच घ्या, वरचे पैसे गेले तरी चालतील. ट्यूबवाल्या गाडीचं मागचं चाक पंक्चर झालं की चेन ढिली करा, एक्सल काढा, चाक बाहेर घ्या, दोन टायर लिव्हर घालून कडा उचला. हायवेचा पंक्चरवाला हे झटपट करतो, पण घाईत लिव्हर आत ढकलतो आणि नवी ट्यूब बसवताबसवता तिलाच भोक पाडतो. दापोलीच्या अलीकडे रात्री एकाने माझी अशीच वाट लावली. हवा भरली, पैसे घेतले, चार किलोमीटरवर परत खाली. ट्यूबलेसला सुळ्याने भोक रुंदावून दोरी घुसवली, छोट्या पंपाने हवा मारली की चाललो.

नव्या गाडीच्या गोल स्क्रीनवर गुगल मॅप दिसतो, हेही सोयीचं. ट्रिपर बाण दाखवतो, नकाशा नाही.

फटफटीवाला:
गुगल मॅपने आमच्या पुतण्याला गुहागरजवळ कुणाच्यातरी नारळाच्या बागेत नेऊन सोडलं. स्क्रीन गोल होती की चौकोनी ते विचारायचं राहिलं.

आडवाटेचा:
काका, तुम्ही त्याला रस्ता सांगितला असता तर तो कुंभार्लीतच अडकला असता.

निरुद्योगी_एजंट:
खेळीमेळी चालू द्या, पण जुनी घेणार असाल तर कागद बघा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का? असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात येईपर्यंत पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. विक्रीचे फॉर्म 29 आणि 30. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म 28 ची एनओसी. थकलेली ई-चलानं आधी मालकाकडून भरून घ्या, नाहीतर ट्रान्सफरच्या वेळी ती तुमच्याच गळ्यात. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा, आणि त्याचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही. हे ऐकून लोक दरवेळी चकित का होतात कळत नाही.

रानगवा:
स्पितीपुरता वेगळा विचार. साताऱ्याहून गाडी चालवत मनाली गाठायचीच असं कुठे लिहिलंय? पुण्याहून रेल्वे पार्सलने गाडी पुढे पाठवा. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते, पोत्यात बांधून देतात. आरसे आणि विंडशील्ड आपणच काढून बॅगेत घ्यायचे. मग राजस्थानातला उन्हातला सरळसोट हायवे वाचतो, आणि 450 चा मोठा मुद्दाच गळून पडतो. शिवाय शिमला-किन्नौरकडून चढा. उंची हळूहळू येते, अंगालाही बरं. मनालीकडून एका दिवसात कुंझुम म्हणजे गाडीआधी माणूस धापा टाकतो.

गणिती:
हा मुद्दा चांगला आहे. पण किन्नौरकडून गेलात तरी मनालीकडे उतरायला कुंझुम लागणारच. नाहीतर आल्या वाटेने परत. माझे पंधरा घोडे तिथे उभेच आहेत.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे आभार. शनिवारी दोन्ही उद्योग करून आलो, सविस्तर लिहितो.

450 ची टेस्ट राइड, बायको मागे. हायवेला गाडी अप्रतिम, खोटं का बोला. आडवाटेचा म्हणतात ते तंतोतंत खरं. मग अनघाताईंची परीक्षा. शोरूमच्या बाहेर रॅम्प आहे, तिथे तोंड खाली करून उभा राहिलो. खालच्या सीटची गाडी त्यांच्याकडे नव्हती. 825 वर माझे चवडे टेकतात, टाचा नाहीत. दोन फूट मागे घेताना सेल्समन धरायला धावला.

मग दुपारी 411. मालकाला फोनवर सांगूनही त्याने गाडी गरम करून ठेवली होती. 'सहज एक चक्कर मारली' म्हणे. तासभर थांबलो, चहा झाला, गार झाल्यावर सुरू केली, आवाज स्वच्छ. हँडल मधोमध अडकतं, मास्तर. अगदी खटकन. मागच्या चाकाचे दोन स्पोक बद्द. टायर मात्र बदललेले, 2024 चे. शेजारी गल्लीचा उतार होता, तिथे बायकोला घेऊन पायाने मागे घेतली. गेली. बायको म्हणाली, 'ही घे, म्हणजे मलाही शिकता येईल.' हा मुद्दा आमच्या चर्चेत आजवर नव्हताच.

कोनसेट आणि स्पोक दाखवून एक चाळीसवर आणलाय. आरसीवर बँकेचा बोजा आहे, कर्ज फिटलंय पण मालकाने कागद आणलेच नाहीत. पाच हजार टोकन दिलंय, बाकी एनओसी आल्यावर. स्पितीला किन्नौरकडून जायचं आणि कुंझुमचं तिथे गेल्यावर बघायचं. गणिती, रागावू नका.

गणिती:
रागावत नाही. सामान कमी न्या. दोघांत मिळून दहा किलो कमी केलंत तरी चढाला जाणवेल.

टप्पेटमास्तर:
कोनसेट बदलताना वरचा-खालचा दोन्ही बदलून घ्या, आणि ग्रीस भरपूर भरायला सांगा, समोर उभे राहून. नवा बसवल्यावर थोडी चालवून परत एकदा टाइट करावा लागतो, ते विसरतात लोक. बद्द स्पोक घट्ट करतानाच चाकाची आउट (वाकडेपणा) काढून घ्या. आणि स्पितीला पुढची-मागची एकेक ट्यूब जवळ ठेवा. पुढची 21 ची आहे, ती प्रत्येक दुकानात मिळत नाही.

मीच_तो:
कृष्णाकाठ, अभिनंदन. याच धाग्यात विचारतो, स्क्रॅम 440 कुणी वापरतंय का?

सोलापुरी_चटणी:
बुलेट घ्या.